शेवभाजी, मोठा पडदा आणि ऑफसाइड

जळगावात महामार्गालगतच्या एका हॉटेलात 22 नोव्हेंबर 2022 रोजी दुपारी अर्जेंटिना आणि सौदी अरेबिया यांचा फुटबॉल विश्वचषक सामना मोठ्या पडद्यावर दाखवला गेला, तेव्हा शेवभाजी आणि कळण्याची भाकरी समोर घेऊन आम्ही चौघांनी तो पूर्ण पाहिला. पडद्याबद्दल तक्रार नाही. अर्जेंटिनाच्या लाउतारो मार्टिनेझचा गोल ऑफसाइड (म्हणजे पास दिला त्या क्षणी खेळाडू बचावफळीच्या पुढे असणे) म्हणून रद्द झाल्यावर दाखवलेले त्रिमितीय चित्र मागच्या टेबलावरूनही स्वच्छ दिसले. मात्र ते चित्र बनवण्यासाठी स्टेडियमच्या छताखालचे 12 कॅमेरे खेळाडूच्या शरीरावरील 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा टिपत होते आणि चेंडूतील सेन्सर पासचा नेमका क्षण कळवत होता, हे मला घरी येऊन वाचावे लागले, कारण व्यवस्थापकांनी समालोचन बंद ठेवून हिंदी गाणी लावली होती. पंच व्हिडिओ तपासणाऱ्या सहकाऱ्यांचे ऐकायला कानाला हात लावून थांबतात, नेमका तेव्हाच तर आवाज हवा असतो! विनंती केली, तर ‘भाऊ, गिऱ्हाईक गाणीच मागतं’ असे उत्तर मिळाले. मध्यंतरापर्यंत अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरले. त्यांपैकी कोणता साहाय्यक पंचाच्या झेंड्याने गेला आणि कोणता व्हिडिओने, यावर भाकरी गार होईपर्यंत आमचा वाद चालला. भाजी मात्र अस्सल खान्देशी, तर्रीदार आणि झणझणीत होती.