एलएस स्पाइन सॅजिटल (कंबरेच्या मणक्याचा बाजूने घेतलेला एमआरआय): पुढे सॅट बँड की फेज एचएफ करून ओव्हरसॅम्पलिंग?

नवीन सेंटरचा प्रोटोकॉल बसवताना हा वाद निघतोच. मी इंदूरमधे दोन्ही पद्धतींनी काम केलंय, त्यामुळे माझं मत मांडतो, पटलं तर घ्या. नवीन लोकांसाठी थोडक्यात: फेज आणि फ्रिक्वेन्सी या चित्र मोजायच्या दोन दिशा, एपी म्हणजे पुढून मागे, एचएफ म्हणजे डोक्याकडून पायाकडे. सॅट बँड म्हणजे एका पट्ट्यातला सिग्नल आधीच दाबणारी पल्स. घोस्टिंग म्हणजे हलणाऱ्या भागाच्या फेज दिशेत उमटणाऱ्या सावल्या, रॅप म्हणजे एफओव्हीबाहेरचा (चित्राच्या चौकटीबाहेरचा) भाग चित्रात दुमडून येणं, आणि ओव्हरसॅम्पलिंग म्हणजे तो टाळायला जास्त मोठा भाग मोजून बाहेरचा टाकून देणं.

बँडवाल्यांचं म्हणणं सरळ आहे. फेज एपी ठेवा, पोटावर जाड बँड टाका, आतडी, एओर्टा (पोटातली मुख्य रक्तवाहिनी), श्वासाबरोबर वरखाली होणारी चरबी सगळं आधीच गप्प. आणि इथे सकाळी पोहे-जिलेबी हाणून थेट टेबलावर येणाऱ्या पेशंटचं पोट काय शांत बसणार आहे का भिया, त्यामुळे बँडला उगाच नावं ठेवत नाही. टी2 ला (टी1, टी2 हे चित्राचे दोन प्रकार) टीआर, म्हणजे एकाच स्लाइसच्या दोन पल्समधला वेळ, 3000 मिलिसेकंदांच्या वर असतो, तिथे बँड जाणवत पण नाही. टी1 ला मात्र टीआर 500-600, प्रत्येक स्लाइसआधी बँडची पल्स, मग सगळ्या स्लाइस एका टीआरमधे मावत नाहीत आणि मशीन गुपचूप दोन भाग पाडतं. म्हणजे बँड फुकट असतो हे काही खरं नाही. 3 टेस्लावर एसएआर (शरीरात शोषली जाणारी रेडिओ ऊर्जा) वाढतो तो वेगळा, आणि इम्प्लांटवाला पेशंट असेल, 2 वॅट प्रति किलोच्या आत राहायचं असेल, तर एकेक पल्स मोजूनमापून वापरावी लागते.

पण माझं मन बदललं ते वेळेमुळे नाही.

बँड असतो सरळ आणि कंबर असते वाकडी. लॉर्डोसिस (कंबरेचा बाक) जास्त असेल तर एल3-एल4 मणके पुढे येतात, बँड एओर्टापर्यंत नेला की मणक्याची पुढची कड खातो, मागे घेतला की एओर्टा सुटतो. बरं, कन्सोलवर बँड मणक्यापासून लांब दिसला तरी मॅरोमधल्या (हाडातल्या मगजातल्या) फॅटसाठी तो थोडा सरकलेला असतो, 1.5 टेस्लाला पाणी आणि फॅटमधे साधारण 220 हर्ट्झचं अंतर आहे ना. मग टी1 वर मणक्याची पुढची कड काळपट येते. आणि आपल्याकडे टीबी स्पाइन रोजची गोष्ट, तो बऱ्याचदा तिथूनच, डिस्कजवळच्या पुढच्या भागातून सुरू होतो आणि लिगामेंटखालून पसरतो. म्हणजे नेमकी जी जागा बघायची तीच आपण आधी काळी करून ठेवतो, मग रेडिओलॉजिस्ट विचारणारच की हा मॅरो बदललाय की तुमचा बँड आहे. प्रीव्हर्टिब्रल ॲब्सेस (मणक्यापुढचा पू) असेल तर तो पण बँडखाली गडप. हे मला फार खटकतं.

फेज एचएफ केलं की पोटाचं घोस्टिंग वर-खाली जातं, पोटातच राहतं, मणक्यावर येत नाही. वर फ्रिक्वेन्सी एपीत गेल्यामुळे एंडप्लेट (मणक्याच्या वरच्या-खालच्या कडा) एक जाड एक पातळ दिसायचं पण थांबतं. किंमत म्हणजे डोक्याकडून आणि पायाकडून रॅप येतो, त्याला 80-100 टक्के ओव्हरसॅम्पलिंग लागतं. 100 टक्के केलं की वेळ दुप्पट, पण एसएनआर (नॉइजच्या तुलनेत सिग्नल) पण साधारण 1.4 पट होतो, म्हणून ॲव्हरेज (तेच माप किती वेळा घ्यायचं ते) दोनाचं एक करा, वेळ होती तिथेच. काही मशीनमधे नो फेज रॅप लावलं की ते हे आपणहून करतं.

एक गोष्ट मात्र विसरू नका, स्पाइन कॉइलचे (पाठीखालच्या अँटेनाचे) एफओव्हीबाहेरचे एलिमेंट बंद करा. ते चालू राहिले तर लांबचा, जिथे ग्रेडियंट सरळ राहत नाही तिथला सिग्नल पिसासारख्या पट्टीने इमेजच्या मधोमध येऊन बसतो, आणि ओव्हरसॅम्पलिंग कितीही वाढवा, तो पूर्ण जाईलच असं नाही. लोक इथेच वैतागतात आणि परत बँडवर येतात असं मला वाटतं.

मानेला मी अजूनही गिळण्यासाठी घशावर बँड लावतो, पातळ आणि मणक्यापासून लांब. डिफ्यूजनला (पाण्याच्या कणांची हालचाल दाखवणाऱ्या स्कॅनला) झूम केलेलं छोटं एफओव्ही मिळत असेल तर तेच घ्या, इको ट्रेन (एका पल्सनंतर मोजल्या जाणाऱ्या इकोंची रांग) लहान होते, डिस्टॉर्शन कमी. कंबरेला तुमच्या रेडिओलॉजिस्टना बँडच हवा असेल तर हुज्जत घालू नका, फक्त टी2 पुरता ठेवा आणि टी1 ला काढून टाका, एवढं त्यांना विचारून बघायला हरकत नाही.