एचसी-१२ 'ओरिजिनल' म्हणून विकणाऱ्यापासून सावध! माझे २७,५५० गेले

कुणी तुम्हाला एचसी-१२ ची (बिनतारी आकडे पाठवणारं छोटं रेडिओ मॉड्यूल) 'टेस्टेड ओरिजिनल जोडी, ऑनलाइन ट्यूनिंगसकट' देऊ करत असेल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. जोडीचे १,८५०, ट्यूनिंगचे ९०० आणि मग माझ्या नकळत २४,८००. एकूण २७,५५० रुपये. वर घरच्यांचं ऐकून घ्यायचं, "एवढा शिकलेला तू, आणि तुला कुणी फसवलं?"

आमची निफाडकडे द्राक्षबाग. प्लॉट घरापासून चारेकशे मीटर. डाऊनी रोगाच्या दिवसांत बागेतली आर्द्रता घरात बसून कळावी म्हणून बागेत एक आर्डुइनो ऊनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), तापमान-आर्द्रता मोजणारा डीएचटी२२ सेन्सर आणि एचसी-१२ लावला, दुसरा ऊनो आणि दुसरा एचसी-१२ घरात. कोड चढला, पण रिसीव्हरवर नुसता कचरा. उलटी प्रश्नचिन्हं, चौकोन, मध्येच अर्धा आकडा, मग काहीच नाही. बॉड रेट, म्हणजे डेटाचा वेग, दोन्हीकडे ९६००. वायरी तपासल्या, स्प्रिंग अँटेना पुन्हा सोल्डर केली. शेवटी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला.

तासाभरात खासगी मेसेज. "दादा, तुमचे मॉड्यूल डुप्लिकेट आहेत, चिप बघा." आता बाजारात नकली एचसी-१२ असतात आणि त्यांची रेंज मार खाते, हे खरंच आहे. म्हणून तर पटलं. हे लोक शंभर टक्के खोटं कधी बोलतच नाहीत.

मग त्याने व्हिडिओ पाठवला. हा व्हिडिओ मी आता इतक्यांदा पाहिलाय की पाठ झालाय. टेबलावर दोन ऊनो, लॅपटॉपवर सिरियल मॉनिटर (केबलने जोडलेला बोर्ड जे छापतो ते दाखवणारी खिडकी), त्यात 'रिसीव्ह्ड २८.४', 'रिसीव्ह्ड २८.५' अशा स्वच्छ ओळी पडतायत. आणि निळी यूएसबी केबल कुठल्या बोर्डाला? ज्याच्यावर पांढरा जाळीचा डीएचटी२२ बसलाय, त्यालाच! दुसरा बोर्ड पॉवर बँकेवर, नुसता लाल दिवा लावून पडलेला. म्हणजे सेन्सरवाला बोर्ड स्वतःचंच तापमान स्वतः छापत होता आणि पुढे 'रिसीव्ह्ड' हा शब्द कोडमध्ये लिहिलेला. हवेतून काहीच आलं नव्हतं. केबल कुठे जाते एवढं बघायचं होतं, बस. पण फवारणीचे दिवस, हातात मोबाईल, उन्हात काळी पडलेली स्क्रीन, तीस सेकंदांचा व्हिडिओ. त्या वेळी कुणी केबल बघत बसतं का? जो म्हणेल 'मी बघितली असती', त्याने आधी आरशात बघावं.

पार्सल आलं. मॉड्यूल लावले, तोच कचरा. तर म्हणे, "ट्यूनिंग बाकी आहे दादा, चॅनल आणि मोड मी ऑनलाइन लावून देतो, ९०० लागतील." मी रिसीव्हर ओटीजी केबलने फोनला जोडून बघायचो, ते त्याला माहीत होतं. त्याने स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावलं. यूपीआय सर्व्हर डाऊन आहे म्हणून कार्डाची लिंक दिली. ९०० गेले. मग म्हणाला, "फोन पाच मिनिटं पालथा ठेवा, हात लावू नका, अँटेनाजवळ हात आला की सिग्नल हलतो." अँटेनाजवळ हात आल्याने सिग्नल हलतो हेही खरंच आहे की! पालथ्या फोनवर दुसरा ओटीपी आला, तिकडे त्याने तो वाचला आणि २४,८०० गेले. कुणी फोन पालथा ठेवायला सांगितलं की त्याच क्षणी इंटरनेट बंद करा. कारण विचारत बसू नका.

बँकेतला माणूस एकच वाक्य घोकत होता, "ओटीपी तुम्हीच दिलात." मी दिला नाही हो, त्याने माझ्या स्क्रीनवर वाचला! "तेच ते." फॉर्म भरा, स्टेटमेंटवर शिक्का घ्या, शिक्केवाले साहेब जेवायला गेलेत. पोलीस ठाण्यात त्याहून कहर. पुरावा म्हणून मॉड्यूल नेले तर हवालदार वायरी बघून दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "हे फुटत-बिटत नाही ना?" मग जिल्ह्याच्या सायबरला जा. तिथे म्हणे, आधी तुमच्या ठाण्याचं पत्र आणा. आणि १,८५० ची पावती बघून एक साहेब हसले. उरलेल्या रकमेकडे बघायला मात्र त्यांना वेळ नव्हता. आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन लावा, बँक-पोलीस नंतर, हे मला या सगळ्यांपैकी एकानेही सांगितलं नाही. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडकवायचे असतात, तिथे हे शिक्के शोधतायत.

आता खरी चीड आणणारी गोष्ट. गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्या काकांनी मीटर लावून सांगितलं, बिघाड सप्लायचा. एचसी-१२ पूर्ण पॉवरवर पाठवताना १०० मिलिअँपिअरपर्यंत ओढतो. ऊनोची ३.३ व्होल्टची पिन देते ५०. मॉड्यूल ५ व्होल्टवर घेतला, मध्ये १एन४००७ डायोड टाकला, सप्लायला कपॅसिटर लावला. माझी जुनी 'डुप्लिकेट' जोडी आता बागेतून घरापर्यंत आकडे पाठवते. त्याच्या 'ओरिजिनल'मधला एक तर एटी कमांडला (मॉड्यूलची सेटिंग बघायची-बदलायची आज्ञा) उत्तरच देत नाही.

आणि चॅनल-मोड लावायला कुणाला दमडी देऊ नका. सेट पिन ग्राउंडला जोडा, ९६०० वर 'एटी' पाठवा, 'ओके' आलं की मॉड्यूल जिवंत. 'एटी+आरएक्स' पाठवलं की बॉड, चॅनल, मोड, पॉवर सगळं समोर येतं. चॅनल आणि मोड दोन्हीकडे सारखे हवेत, झालं ट्यूनिंग. विकणाऱ्याकडून हाच टेस्ट कॅमेऱ्यासमोर करून घ्या, आणि रिसीव्हरच्या केबलचं दुसरं टोक दाखवायला सांगा.

बँकेने तक्रार दाखल झाल्याचा मेसेज तेवढा पाठवलाय. तीस दिवसांत धड उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहे. याच पठ्ठ्याने अजून कुणाला गंडवलं असेल तर चॅट आणि व्हिडिओ डिलीट करू नका, मला कळवा. एकत्र तक्रार केली तर निदान १,८५० बघून कुणी हसणार नाही.