बुरुडाच्या दुकानातला माल आणि बीव्हरचा बांध: एका पावसाळ्यानंतरचा रिव्ह्यू

"इतल्या तट्ट्या कसाले लागतस तुले, कांदानी चाळ बांधी ऱ्हायना का?" दुकानातल्या आबांचा हा पहिला प्रश्न, आणि मी खरं कारण सांगितल्यावर त्यांनी हातातली कामटी खाली ठेवून माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं. कारण असं होतं की शेताच्या कडेच्या नाल्यात मला बीव्हर नावाचा प्राणी बांधतो तसला बांध घालायचा होता.

तर हा रिव्ह्यू त्या दुकानाचा आणि तिथून आणलेल्या मालाचा आहे. दुकान म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावात बाजारपट्टीला पत्र्याची शेड, पाटी नाही, मॅपवर नाही, आबा आणि त्यांची सून दोघं मिळून सुपं, टोपल्या, डालगी विणत असतात आणि लग्नसराईत तर बोलायला पण सवड नसते. मी मे महिन्यात 14 तट्ट्या (बांबूच्या विणलेल्या चटया) घेतल्या 6 बाय 3 फुटांच्या, आणि 4 फुटी 90 खुंट, भरीव मानवेल बांबूचे. तट्टी 190 ला पडली, खुंट 25 ला, टेम्पोभाडं 700 वेगळं. घासाघीस केली पण आबा एक रुपया खाली आले नाहीत, वर दोन टोपल्या मात्र फुकट दिल्या.

आता बीव्हर कुठून आला ते सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल ह्याला ऊन लागलं. हा प्राणी आपल्या देशात नाही. आपल्याकडचं पाणमांजर वेगळं, ते मासे खातं. बीव्हर पक्का शाकाहारी, उंदीर-घुशीच्या भावकीतला, पण 20-25 किलोचा, शेपटी चपटी वल्ह्यासारखी आणि पुढचे दात चक्क नारिंगी कारण दातावरच्या थरात लोह असतं. एक जात उत्तर अमेरिकेत, दुसरी युरोप-आशियात. दातांनी झाड पाडायचं, साल खायची आणि उरलेल्या फांद्या, दगड, चिखल घालून ओढा अडवायचा. अडवतो कशाला, तर त्याच्या घराचं दार पाण्याखाली असतं, पाणी उतरलं की दार उघडं पडलं आणि लांडगा आत. म्हणजे नदी-बिदी वाचवायला तो निघालेला नाही, स्वतःच्या दारापुरतं बघतो, पण त्या नादात बाजूची जमीन भिजते, गाळ खाली बसतो, पूर आला तर त्याचा जोर मोडतो, बेडूक मासे पक्षी येतात आणि कोरड्या दिवसात ओढ्याला ओल राहते. अमेरिकेत एमिली फेअरफॅक्स नावाच्या संशोधिकेने 2020 मध्ये दाखवलं की वणव्यात आजूबाजूचं सगळं जळालं तरी बीव्हरचे बांध असलेला ओढ्याकाठचा पट्टा बराचसा हिरवा राहतो. आणि ह्याच प्राण्याला टोप्या आणि कातड्यासाठी एवढा मारला की 1900 च्या सुमारास अख्ख्या युरोप-आशियात 1200 च्या आसपासच उरले होते, आता परत 10 लाखाच्या वर गेलेत.

मला हे सगळं कळलं एका बातमीवरून. 2025 च्या सुरुवातीला आलेली, चेक रिपब्लिकमधल्या ब्रडी भागातली. तिथे सैन्याने पूर्वी खोदलेल्या चराने दलदल सुकवून टाकली होती, ती परत ओली करायला बंधारे घालायचा प्रोजेक्ट 2018 चा, पण जागेच्या वाटाघाटी आणि परवानग्यांमध्ये 7 वर्ष अडकलेला. तेवढ्यात 8 बीव्हर आले आणि जिथे पाहिजे होतं साधारण तिथेच बांध घालून मोकळे झाले, सरकारचे 3 कोटी क्राउन वाचले, म्हणजे आपले 10 कोटीच्या आसपास. ना टेंडर, ना मोजमाप पुस्तिका, ना बिलावर कुणाची सही. मी ती बातमी कांद्याच्या लिलावात नंबर लागायची वाट बघत बसलेलो असताना वाचली आणि एकटाच हसलो.

हसलो कारण जखम ताजी होती. त्याच्या आदल्या वर्षी एका पोकलेनवाल्याकडून (नाव घेत नाही) नाल्याचं खोलीकरण करून घेतलेलं. तासावर बिल, त्यामुळे गडी खोदतच राहिला, नाला सरळसोट आणि 8 फूट खोल झाला, कडा भिंतीसारख्या उभ्या आणि मध्ये आडवं काहीच नाही. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी असं सुसाट गेलं की तासाभरात नाला परत कोरडा, आणि जाताना माझ्या बांधावरचा निंब मुळासकट घेऊन गेला. लोक म्हणतील धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर पॅटर्नमध्ये पाणी अडवायला पण नाले खोल-रुंद केले ना, हो केले, पण भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी तिथे नाल्यावर ओळीने सिमेंटचे बंधारे पण घातले, आमच्या पोकलेनवाल्याने त्यातला खोदायचा अर्धा भाग तेवढा उचलला.

मग कळलं की अमेरिकेत जिथे ओढे असेच खोल कापले गेलेत आणि बीव्हरला पाय रोवायला जागा उरली नाही तिथे माणसंच नकली बीव्हर बांध घालतात. ओरेगॉनमध्ये ब्रिज क्रीक नावाच्या ओढ्यावर शंभरावर घातले, लाकडी खुंट ओळीने ठोकायचे, त्यात विलो झाडाच्या फांद्या विणायच्या, वरच्या अंगाने चिखल-गवत भरायचं, नंतर खरे बीव्हर येऊन त्यावर पुढचं काम करतात. फोटो बघितला आणि मला आजोबांच्या घराची कुडाची भिंत आठवली, तेच की हे, खुंट रोवा, निरगुडी विणा, शेणमातीने लिंपा! फक्त ही भिंत पाण्यात उभी करायची आणि लिंपण घट्ट करायचं नाही, कारण बीव्हरचा बांध गळका असतो, थोडं पाणी त्यातून कायम झिरपत राहतं, धरणासारखा तो दम धरून बसत नाही.

आता माल. खुंटांना माझ्याकडून पैकीच्या पैकी. मी नुसतं 4 फुटाचे तुकडे मागितले होते, आबांनी प्रत्येक खुंट वरच्या बाजूने पेराच्या जेमतेम अंगठाभर वर कापला आणि खालच्या टोकाला कोयत्याने तीन बाजूंनी टोक काढून दिलं. मला वाटलं होतं काय फरक पडतो. नाल्यात ठोकताना कळलं, घण बसतो तो पेरावर, म्हणून डोकं फुटत नाही. एकूण 6 फुटले, त्यातले 4 मी घरी असलेल्या बांबूचे स्वतः कापलेले मिसळले होते त्यातले, म्हणजे आबांचे दोनच. मुरमात दीड-दोन फूट आत गेले, खाली काळा पाषाण लागला तिथे मात्र कुणाचंच काही चालत नाही, तिथे दगड रचून काम भागवलं.

तट्ट्यांचं तसं नाही. पण चूक मालाची नाही, माझी. मला वाटलं विणायचे कष्ट वाचतील, तयार तट्टी खुंटांना बांधली की झाला बांध. आबांनी तेव्हाच सांगितलं होतं, "टिकाव नई भो, धुई जाई. निरगुडी वापर ना, फुकटनी शे." स्वतःचा 2660 रुपयांचा धंदा सोडून माणूस हे सांगतो, आणि मी शहाणा, त्यांचं ऐकलं नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पहिला लोंढा आला, तट्टीला पालापाचोळा चिकटून ती पडद्यासारखी बंद झाली, पाण्याने खालून माती उकरली आणि दोन तट्ट्या खुंटांना लटकलेल्या, खालून नाला आरामात वाहतोय. मी काठावर छत्री घेऊन उभा, आणि शेजारचे बापू मोबाईलवर व्हिडिओ काढतायत.

मग निरगुडी तोडली, नाल्याला भरपूर आहे, बकऱ्या पण खात नाहीत. भावाने कपाशीच्या पऱ्हाट्या सुचवल्या होत्या पण त्या कडकड मोडतात, वळत नाहीत, शिवाय शेंदरी बोंडअळीमुळे पऱ्हाट्या साठवून ठेवू नका असं कृषीवाले ओरडून सांगतात ते वेगळंच. ओली निरगुडी मात्र दोरीसारखी वळते. एक फांदी खुंटाच्या पुढून, दुसऱ्याच्या मागून, पायाने दाबत जायचं, वरच्या अंगाला दगड, गवताची ढेकळं, चिखल, आणि खालच्या अंगाला पडणाऱ्या पाण्याने खड्डा पडू नये म्हणून फांद्यांची गादी. तट्ट्या वाया नाही गेल्या, त्या ह्या गादीखाली आडव्या अंथरल्या आणि तिथे त्या झकास बसल्या. मी, भाऊ आणि दोन मजूर, पावसाच्या उघडिपी बघत चार दिवसात 5 बांध, प्रत्येक गुडघ्याच्या वर नाही. ग्रामपंचायतीत आधी विचारून ठेवलं होतं, सरपंच म्हणाले सिमेंट नाही ना, मग घाल.

जुलैमध्ये एक बांध कडेने फाटला. खुंटांची ओळ काठाच्या आत नेली नव्हती, पाण्याने मऊ बाजू शोधली आणि बापूंच्या मक्याच्या दोन सऱ्या घेऊन गेलं. अमेरिकेतले लोक म्हणतात बांध कडेने फुटला तरी चांगलंच आहे, ओढा वळणं घेतो, पाणी पसरतं. ते त्यांच्या सरकारी जंगलात ठीक आहे हो, इथे पसरलेलं पाणी बापूंच्या सातबाऱ्यावर पसरतं. भरपाई म्हणून त्यांना दोन पोती कांदा दिला, त्यांनी व्हिडिओ डिलीट केला नाही.

बाकीचे चार बांध उभे राहिले. ऑगस्टमध्ये पाऊस थांबून पंधरा दिवस झाले तरी तिसऱ्या आणि चौथ्या बांधामागे घोट्याएवढं पाणी होतं, आणि पोकलेनने उघड्या केलेल्या मुरमावर चार बोटं काळा गाळ बसला होता, मी हात घालून बघितला, लोण्यासारखा. त्यात लव्हाळा उगवलाय. एक पाणकोंबडी जोडीने फिरताना दिसायला लागली, आधी तिथे टिटवीशिवाय काही नव्हतं. विहिरीला किती फरक पडला म्हणून सगळे विचारतात, एका पावसाळ्यावरून मी काहीही ठोकून देणार नाही, यंदा पाऊस पण बरा होता.

पण खरी गोष्ट जी मला कुणी आधी सांगितली नव्हती ती ही की बीव्हर बांध घालतो हे अर्धंच आहे, तो रोज रात्री फिरून तो नीट करतो. स्वीडनमध्ये लार्स विल्सन नावाच्या माणसाने स्पीकरवर वाहत्या पाण्याचा नुसता आवाज लावला तर बीव्हरांनी त्या स्पीकरच्या दिशेने फांद्या-चिखल टाकायला सुरुवात केली, पाणी नसताना! गळतीचा आवाज त्यांना सहनच होत नाही. आपल्या बांधाला असा रातपाळीचा कामगार नाही, म्हणून बॅटरी घेऊन मीच. आठवड्यातून दोन चकरा, कुठे फांदी निघाली, कुठे भोक पडलं, पाण्याचा आवाज बदलला की कळतं आता. बायको म्हणते दात पण नारिंगी झाले का बघा.

आणि हे आपल्याला नवीन पण नाही. धुळ्याकडच्या पांझरा नदीवर जुन्या फड पद्धतीत काही शतकं बंधाऱ्यातून पाट निघत होते आणि त्याच्यामागे माणसं नेमलेली असायची, पाणी फिरवायला पाटकरी, पिकावर नजर ठेवायला जागल्या, आणि त्यांच्या कामाबद्दल धान्यात वाटा. दगडी बंधारे अजून उभे दिसतात, पण पाटकरी कुठे आहे? आमच्या नाल्यावर दहा वर्षांपूर्वी घातलेला सिमेंटचा बंधारा आहेच की, गाळाने भरला, कडेने फुटला, परत कुणी आलं नाही.

बापूंनी विचारलं मग बीव्हरच आणू ना एक जोडी. अजिबात नाही! अर्जेंटिनाने 1946 मध्ये कातड्याच्या धंद्यासाठी कॅनडातून 20 आणून दक्षिण टोकाला टिएरा डेल फुएगोला सोडले, त्यांचे पुढे लाखाच्या घरात झाले आणि तिथली जंगलं उभीच्या उभी मेली, कारण त्या झाडांना कुरतडल्यावर परत फुटायची सवय नाही. आणि आमचा नाला तर दिवाळीनंतर खडखडीत असतो, त्या बिचाऱ्याच्या दाराला पाणी कुठून आणायचं.

दुकानाबद्दल तक्रार एकच, वेळ. 8 दिवस सांगून 23 दिवस लावले, लग्नाच्या सुपांची ऑर्डर मध्ये आली म्हणे. फोन उचलत नाहीत, सून उचलते आणि "आबा जेवी ऱ्हायनात" सांगते, सकाळी 10 ला पण आणि दुपारी 4 ला पण. आणि टिकण्याचं म्हणाल तर बांबू मातीत आणि पाण्यात दोन वर्षांच्या वर जात नाही, आबांनी हे घेतानाच सांगितलं, लपवलं नाही, त्यामुळे तो मालाचा दोष धरत नाही. पण दर दोन वर्षांनी हा खर्च आहे हे धरून चला. तट्ट्या घेऊ नका, खुंटच घ्या, विणायला निरगुडी फुकट आहे.

5 पैकी 4 स्टार, एक वेळेचा कापला. पुढच्या दुरुस्तीला 40 खुंट आत्ताच सांगून आलोय, होळीच्या आत पाहिजेत म्हटलं, आबा हो म्हणालेत, मी पोळा धरून चाललोय.