कँटरबरीची गाईडेड टूर - कॅथेड्रलसाठी पाच स्टार, टूरवाल्यांना तीन

लंडनहून ट्रेनने तासाभरात पोचलो पण टूरवाल्यांनी अर्धा तास गेटवर ताटकळत ठेवलं, थंडीत, म्हणून दोन स्टार तिथेच कापले. गाईड आजोबा मात्र एक नंबर! इंग्लंडचा राजा हेन्री दुसरा आणि थॉमस बेकेट यांचं भांडण त्यांनी असं रंगवलं की माझा मुलगापण फोन खिशात टाकून ऐकत बसला. राजाने ११६२ मध्ये आपल्याच लाडक्या चॅन्सेलरला (म्हणजे बड्या मंत्र्याला, हाच तो बेकेट) इथला आर्चबिशप, म्हणजे चर्चचा मुख्य धर्मगुरू केलं, वाटलं आता चर्च आपल्या खिशात, आणि हा पठ्ठ्या खुर्चीवर बसल्या बसल्या उलटला. मेन वाद काय तर पाद्र्याने खून केला तरी खटला चर्चच्याच कोर्टात, तिथे फाशी नाहीच, फार तर पाद्रीपण काढून घ्यायचे. राजा म्हणे शिक्षा मी देणार, बेकेट म्हणे एका गुन्ह्याला दोन शिक्षा नाहीत. (इथे मला राजाचंच पटलं बुवा.) मग बेकेट पळून सहा वर्षं फ्रान्समध्ये, परत आला आणि महिन्याभरात, २९ डिसेंबर ११७० ला राजाच्याच चार सरदारांनी इथेच कॅथेड्रलमध्ये तलवारीने मारला. ती जागा बघताना खरंच काटा आला, भिंतीवर आता तलवारींचं शिल्प आहे. त्याचं प्रायश्चित्त म्हणून ११७४ मध्ये राजा अनवाणी चालत आला न् मठातल्या साधूंकडून पाठीवर फटके खाल्ले! बेकेटची समाधी पुढे राजा आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये तोडली, तिथे आता फक्त एक मेणबत्ती जळते. तिथे जरा थांबू द्यायला हवं होतं, टूरवाले पळवतात.