वाय-फाय प्लग की झिगबी? कोकणातल्या घरासाठी

वाय-फाय प्लग, म्हणजे घरच्या वाय-फायला जोडून फोनवरून चालू-बंद करायचा प्लग, स्वस्त. ॲप टाकलं की सुरू. पण बहुतेकांचा हुकूम कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरची वीज आणि नेटवर्क दोन्ही पाडलं. अशा वेळी इन्व्हर्टर असला तरी ॲप मुकंच. शिवाय घरात माणसं कधी असतात, ही नोंद बाहेर जाते. मला ते मुळीच पटत नाही.

झिगबी म्हणजे घरातल्या उपकरणांनी इंटरनेटशिवाय आपसात बोलायची बिनतारी पद्धत. तिला डोंगल (सिग्नल पकडणारी यूएसबी कांडी) आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट, म्हणजे ही उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर, लागतं. मांडणीत एक-दोन रविवार जातात. मग सगळं घरातच राहतं. चिऱ्याच्या जाड भिंती सिग्नल अडवतात, पण विजेवरचे झिगबी प्लग एकमेकांकडे निरोप पोचवतात, पार पडवीपासून मागीलदारापर्यंत. मी झिगबीच घेईन. विहिरीच्या पंपाला मात्र थेट प्लग नको, वायरमनकडून काँटॅक्टर (मोठा भार पेलणारा, विजेने चालणारा स्विच) बसवून घ्या.