इस्ट्रोजेनचं जेल: पाचपैकी चार तारे

अडतिसाव्या वर्षी पाळी थांबली. रक्तातलं एफएसएच (अंडाशय थकले की वाढणारं संप्रेरक) दोनदा तपासलं, दोन्ही वेळा चढलेलं. "सुटलीस बाई कटकटीतून," जाऊबाई म्हणाल्या. सुटले कसली! रात्री तीनला पंख्याखाली घामाने गच्च, आणि डेक्सा स्कॅनमध्ये कमरेच्या मणक्यांची घनता कमी. इतक्या लवकर इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं मुख्य संप्रेरक, आटलं की हाडं आणि हृदय दोन्हीला फटका बसतो, म्हणून डॉक्टरांनी एचआरटी, म्हणजे कमी पडलेलं संप्रेरक औषधातून देणं, सुरू केली.

गोळी नको, जेल घ्या म्हणाल्या, कारण मला मायग्रेन आहे. शिवाय कातडीतून जाणाऱ्या औषधाने रक्तात गाठी होण्याचा धोका गोळीपेक्षा कमी. दिसायला आणि वासाला थेट सॅनिटायझर. आंघोळीनंतर अंग कोरडं करून दंडावर पातळ पसरायचं, छातीला अजिबात लावायचं नाही. सुकेपर्यंत ब्लाउज घालता येत नाही, आणि माझी शाळा सकाळची! वर लेक येऊन दंडाला बिलगते. लहान मुलांच्या अंगाला हे लागता कामा नये. म्हणून आता ती झोपल्यावर लावते आणि हात साबणाने धुते.

गर्भाशय आहे तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, आतलं अस्तर जाड होत जातं. त्यासाठी प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाची कॅप्सूल, झोपताना. तिने गुंगी येते. माझ्या तर पथ्यावरच पडलं.

अंगातून निघणाऱ्या गरम वाफा महिन्याभरात बऱ्याच कमी झाल्या, झोप परत आली. सुरुवातीला छाती दुखायची, ते थांबलं. केसगळतीला मात्र काडीचा फरक नाही.

"कॅन्सर होतो ना त्याने?" हे सगळ्याच विचारतात. 2002 सालच्या ज्या अमेरिकन अभ्यासाने ही धास्ती बसली, त्यातल्या बायका 50 ते 79 वयाच्या होत्या, सरासरी 63. आमच्या वयात शरीर जे बनवायला हवं होतं तेच भरून काढायचं असतं, साधारण पन्नाशीपर्यंत. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र हे औषध सहसा देत नाहीत.

एक तारा कापला तो मिळण्याच्या बोंबेपायी. "उद्या येईल, ताई" ऐकून कान किटले. एका मेडिकलवाल्याने तर योनीमार्गात लावायचं क्रीम पुढे केलं, "एकच आहे हो" म्हणत. एकच नाही! ते तिथल्या कोरडेपणासाठी असतं, हाडांना त्याचा उपयोग नाही. ट्यूबवरचं नाव चिठ्ठीशी ताडून मगच पैसे द्या.