ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) ठणठणीत होता, नळीला चीर होती

गेल्या जूनमध्ये एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून १७,९०० रुपये घेतले. गाडीचा खरा बिघाड निघाला २४० रुपयांच्या रबरी नळीचा. ज्यांच्याकडे दहा-बारा वर्षं जुनी पेट्रोल गाडी आहे, त्यांनी हे जरूर वाचावं.

मी साताऱ्यात राहते, शाळा कोरेगावला. रोजचं जाणं-येणं २०१२ सालच्या गाडीतून. रस्त्याला लागली की गाडी छान पळायची. पण पोवई नाक्याच्या गर्दीत ब्रेकवर पाय ठेवून थांबले की स्टीअरिंग थरथरायचं, आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांचा, काटा आठशेवरून साडेपाचशेवर यायचा आणि परत साडेनऊशेला जायचा. एसी लावला की आता बंद पडते की काय, असं वाटायचं. पिवळा इंजिनचा दिवाही लागला होता.

घराजवळच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, दोनदा रेस दिली आणि सांगितलं, “मॅडम, प्लग आणि कॉइल गेलेत.” म्हणजे पेट्रोल पेटवायला ठिणगी देणारे भाग. स्कॅनर लावला नाही, काही उघडून दाखवलं नाही. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या कागदाचा फोटो आला: चार प्लग १,६००, चार कॉइल ९,२००, थ्रॉटल बॉडी साफ करणे ८००, मजुरी १,३००. जुने प्लग मागितले, तर म्हणाला, “भंगारात गेले. आणि बघून तुम्हाला काय कळणार?” ते वाक्य मला अजून टोचतं. तरीही मी १२,९०० रुपये दिले.

दिवा विझला होता, दोन-तीन दिवस गाडी बरी वाटली. गाडीतलं घड्याळ मात्र बारावर आलेलं होतं. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

चौथ्या दिवशी पुन्हा तेच सुरू झालं. आता त्याचं म्हणणं, ईसीएम गेलाय, दुसरा मागवावा लागेल, १४,००० लागतील, ५,००० ॲडव्हान्स द्या. वर “गाडीला पंधरा वर्षं भरत आलीत, विकूनच टाका, माझ्याकडे गिऱ्हाईक आहे.” मी घाबरले आणि तेही पैसे दिले.

शाळेतल्या सहकाऱ्याने कोरेगावच्या एका वयस्कर मेस्त्रींकडे नेलं. त्यांनी आधी कशालाच हात लावला नाही, नुसता काटा बघितला. “ताई, काटा स्थिर असून गाडी हलत असती तर इंजिन धरून ठेवणारं माउंटिंग बघितलं असतं. इथं काटाच नाचतोय. म्हणजे हवा, पेट्रोल नाहीतर ठिणगी.” मग चालू इंजिनवर एकेका कॉइलचं सॉकेट क्षणभर काढून लावलं. चारही वेळा इंजिन सारखंच दबलं, म्हणजे चारही सिलिंडर काम करत होते. स्टीअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावल्यावर पी०१७१ हा कोड आला. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. उभ्या गाडीत कॉम्प्युटर पेट्रोल बावीस टक्के वाढवत होता. अडीच हजार आरपीएमला तोच आकडा चारवर आला.

मेस्त्रींनी मला समजावून सांगितलं. माझ्या गाडीत आत जाणारी हवा सेन्सर मोजतो. त्याच्या पुढे कुठे चीर असेल तर न मोजलेली हवा आत शिरते. गाडी उभी असताना इंजिनला हवाच थोडी लागते, म्हणून ती चोरटी हवा लगेच जाणवते. वेगात ती त्या मोठ्या झोतात हरवून जाते.

त्यांनी पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनातली तेलाची वाफ परत आत ओढणाऱ्या, नळीच्या वळणाखाली बोट घातलं. आवाज एकदम सुधारला. बोट काढलं, परत थरथर. माझंही बोट तिथे ठेवायला लावलं. तेलाच्या वाफेने आणि उष्णतेने रबर कडक झालं होतं आणि खालच्या बाजूला, वरून दिसणार नाही अशी, नखाएवढी चीर पडली होती. नळी २४०, मजुरी ३००.

मग मी प्लग काढून बघायला सांगितले. ‘नव्या’ प्लगांची टोकं झिजून गोल झाली होती. गेजने मोजलेली फट १.४ मिलिमीटर भरली, हवी होती १.१. कॉइलवर छापलेलं साल २०१२. एकही भाग बदललेला नव्हता. बॅटरीची वायर काढून दिवा तेवढा विझवला होता, त्यानेच घड्याळ बारावर आलं होतं.

फोटो घेऊन मी गॅरेजवर गेले. त्याने ५,००० परत दिले. बाकीच्या पैशांचं नाव काढलं की “बिल कुठंय?” म्हणतो. पक्कं जीएसटी बिल मी मागितलंच नव्हतं, ही माझी चूक. तुम्ही ते घ्या, आणि पैसे देण्याआधी काढलेले जुने भाग समोर ठेवायला सांगा. कोड काय आला, हे विचारल्याशिवाय ईसीएमला हात लावू देऊ नका.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर मी तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. यूपीआयची नोंद, वहीच्या कागदाचा फोटो, प्लगचे फोटो आणि मेस्त्रींनी लिहून दिलेला कागद असं सगळं एका फाइलमध्ये लावलंय. दिवाळीच्या सुट्टीत अर्ज देणार आहे.